साडेसहाशे की दोनशे

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं या, सतरंजी मोठी आहे. कीर्तनात आधी उपदेश आणि मग आख्यान असा रिवाज असतो. आज उपदेश राहू द्या, सरळ आख्यानालाच हात घालू. आख्यान आहे एका मोटारसायकलचं. हसू नका. देव रथावर बसला, गरुडावर बसला, उंदरावरसुद्धा बसला. त्याला वाहनाचं वावडं नाही. ही गोष्ट हुडकेश्वरच्या मनोहररावांची, त्यांच्या संशयाची, आणि परदेशात मुक्तिनाथाला गाडीवर जायचं तर इंजिन किती सीसीचं घ्यावं या एका प्रश्नाची. प्रश्न एवढासा, पण त्यानं एका संसाराला आणि तीस वर्षांच्या एका मैत्रीला घाम फोडला. ऐका.

मनोहरराव भूमापन खात्यातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली. चौतीस वर्षं त्यांनी साखळी आणि टेप घेऊन लोकांची वावरं मोजली, पुढं शहराच्या कडेचे प्लॉट मोजले. सख्खा भाऊ भावाच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हद्दीचा दगड हातभर सरकवतो, आणि मोजणीवाला आला की सगळ्यांत आधी चहा तोच घेऊन येतो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की पुढं फुकटचा चहा आला की त्यांना आधी दगड आठवायचा. माणूस वाईट नव्हे. एकादशीला विठ्ठल मंदिरात मृदंग वाजवायला बसले की चेहरा लोण्यासारखा मऊ व्हायचा. पण गळ्यातून मृदंग उतरला की डोळे पुन्हा मोजायला लागत.

मुक्तिनाथाचं त्यांच्या मनात फार दिवसांचं होतं. नेपाळात, बारा हजार फुटांच्याही वर, एकशे आठ धारांखाली डोकं धरायचं. बसनं जाणारे जातात, विमानानंही जातात. मनोहररावांना आपल्या गाडीवर, मागं गोपिकाबाईंना बसवून जायचं होतं. सोबतीला धम्मदीप होता. बेस्याच्या चौकात त्याचं गॅरेज. मनोहररावांच्या पहिल्या स्कूटरपासून प्रत्येक गाडीचा नट त्याच्या हाताखालून गेलेला. बायको माया चार-पाच वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून माणूस कमी बोलायचा. त्याला लुंबिनीला जायचं होतं.

"तुमचा देव वर, आमचे तथागत खाली," तो म्हणायचा. "रस्ता एकच आहे. पंक्चर वाटून घेऊ."

आता मनोहररावांनी कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. त्यांचा डावा हात दगा देत होता. अर्धा तास स्कूटर चालवली, की अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरून यायची, मग बधिर व्हायची. आणि मोटारसायकलचा क्लच असतो डाव्या हाताला. हे घरात कळलं तर मुक्तिनाथ संपला. गोपिकाबाई म्हणणार, बसनं जाऊ नाही तर राहू द्या. म्हणून त्यांनी एक हिशेब मांडला. इंजिन जेवढं मोठं, तेवढे गिअर कमी बदलावे लागतात. गिअर कमी, तर क्लच कमी. क्लच कमी, तर हाताचं गुपित झाकलेलं. थोडक्यात, आपली गाडी साडेसहाशे सीसीच.

शोरूममधल्या विक्रमनं त्यावर साखर पेरली.

"काकाजी, फॉरेनच्या टूरले साडेसहाशेच्या खाली पाहाचंच नाही. दोन सिलिंडर. मक्खन आहे, मक्खन! सहाव्या गिअरले टाका अन् विसरून जा."

विसरून जा! मनोहररावांच्या कानात ते शब्द नामासारखे शिरले. गाडीवर बसून त्यांनी क्लच दाबून पाहिला. जरा जड वाटला. पण वाटेवरच्या जबलपूरपर्यंत एकदाच तर दाबायचा.

"स्टँडवरून काढून पाहू का गा?"

"कायले त्रास घेता काकाजी? डिलिव्हरीले पाहाल नं. चहा सांगू?"

चहा आला. इथं त्यांना दगड आठवायला हवा होता. पण मन ज्याच्यावर जडतं त्याच्यावर संशय येत नाही. भक्तीचं जसं, तसंच शोरूमचं. शनिवारी बुकिंग करतो असं सांगून ते निघाले आणि थेट धम्मदीपच्या गॅरेजात आले.

"साडेसहाशे?" धम्मदीपनं हातातला पाना खाली ठेवला. "वजन किती तिचं?"

"दोनशे किलोच्या थोडं वर."

"सामानाचं वेगळं. वहिनीचं वेगळं. मनोहरभाऊ, तिकडं नेपाळात बेनी गावाच्या पुढं रस्ता म्हणजे गोटे आहेत गोटे. मंधात पाण्यातून गाडी काढा लागते. तिथं हा बैल बसला तं उठवन कोण?"

"तू आहेस नं."

"अन् मले ताप भरला असन तं?"

"काहीच्या काही बोलू नको बे. मंग साडेतीनशे घेऊ?"

"तीही जडच. दोनशे घ्या. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमंधी मुंगीवानी चढते. तिकडं टपरीवरही तिचा पार्ट भेटते. अन् घाई कोणाले आहे? पन्नास-साठनं जाचं, पाहत पाहत."

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये! म्हणजे दाब क्लच, सोड क्लच. मनोहररावांची बोटं नुसत्या कल्पनेनं शहारली.

"दोनशेची तं कॉलेजचे पोट्टे चालवतात."

"म्हून तं ती मोडत नाही."

धम्मदीपनं बोलता बोलता कोपऱ्याकडं मान हलवली. तिथं एक दोनशेची गाडी उभी होती. जुनी, पण पुसून लख्ख ठेवलेली. "तशी एखादी पाहा," तो म्हणाला.

"ही कोणाची?"

"आहे," एवढंच बोलून धम्मदीप पुन्हा कामाला लागला.

मनोहररावांचा डोळा मोजायला लागला. सीट कापलेली आहे. चांगली दोन इंच खाली. कंपनी अशी सीट देत नाही. म्हणजे गाडी आदळलेली. म्हणजे गिऱ्हाईक सोडून पळालेलं. म्हणजे ही गॅरेजात पडून आहे आणि आता एक म्हातारा मित्र गळ्यात मारायला सापडला आहे. तीस वर्षं! तीस वर्षं आपण याच्या हातात आपल्या गाड्या देत आलो.

"धम्मा," ते म्हणाले, आणि आवाजात जी धार आली ती त्यांना स्वतःलाही ऐकू आली, "भंगार खपवाले दुसरं कोणी भेटलं नाही का बे तुले?"

धम्मदीपचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. मग कापडाला हात पुसत त्यानं विचारलं, "चहा घेता?"

झालं. चहा! मनोहरराव तसेच पाय आपटत निघाले.

घरी गोपिकाबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मनोहररावांनी सगळी तक्रार त्यांच्यापुढं ओतली. बायको आपल्या बाजूनं बोलेल ही खात्री. गोपिकाबाईंनी चार शेंगा सोलल्या आणि म्हणाल्या, "दोनशेच बरी नं मंग. तिले खालूनच टॉर्क भेटते."

मनोहररावांना ठाऊक होतं, टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ. पण या बाईला तीस वर्षांत स्कूटरचा चोक कोणत्या अंगाला असतो हे ठाऊक नव्हतं.

"काय भेटते?"

"टॉर्क."

"हा शब्द कुठून आणला वं?"

"टीव्हीवर म्हणतात."

"टीव्हीवर तं तू कीर्तन पाहते."

"मंधात जाहिराती येतात नं!" असं म्हणत त्या परात उचलून आत गेल्या. उठताना पातळ जरा वर झालं आणि मनोहररावांना उजव्या पोटरीवर रुपयाएवढा काळपट डाग दिसला.

"हे काय झालं?"

"कढईतलं तेल उडालं."

कढईतलं तेल. पोटरीवर. तेही आतल्या बाजूनं. चौतीस वर्षं लोकांच्या खोट्या हद्दी पाहिलेल्या माणसाला ही हद्द पटेना. आता एकेक गोष्ट रांगेत येऊन उभी राहू लागली. तीन आठवड्यांपासून गोपिकाबाई चपला सोडून कापडी बूट घालून बाहेर जातात. टाचा दुखतात म्हणे. रोज चार वाजता पार्वतीबाईंकडं भजनाचा सराव असतो. इतका सराव तर सप्ताहालाही नसतो. परवा बाहेर जाताना घ्यायच्या ओढणीला ग्रीसचा वास आला होता. आणि आज टॉर्क.

धम्मदीप आणि गोपिका आतून एक आहेत, हे त्यांना स्वच्छ दिसलं. कशासाठी? ते तर आणखी स्वच्छ होतं. आपल्याला ही मोडकी दोनशे घ्यायला लावायची, ती जबलपूरच्या पुढं बंद पडायची, आणि सगळी वरात टेम्पोत घालून माघारी आणायची. मुक्तिनाथ कटला. गोपिकाला जायचंच नाही, आणि तोंडानं ती नाही म्हणत नाही, एवढंच. या विचाराच्या तळाशी दुसरा एक विचार खड्यासारखा बोचत होता: यांना हाताचं तर कळलं नाही? त्यांनी डावा हात खिशात घातला, आणि ते कुणी पाहिलं का म्हणून दाराकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात पार्वतीबाई भेटल्या. भजनी मंडळ त्याच चालवतात. आवाज असा की माईक नको.

"मनोहरराव, गोपिकाची तब्येत बरी आहे नं गा?"

"बरी आहे. काहून?"

"काहून म्हणजे? तीन आठवडे झाले, सरावाले येऊनच नाही राहिली. आमचा टाळ सुना पडला नं! म्हटलं, तुम्ही तिले आतापासूनच हिमालयात पाठवलं का काय?"

दुकानात सगळे हसले. मनोहररावही हसले. ते हसू त्यांना पिशवीतल्या साखरेपेक्षा जड झालं.

त्या दिवशी चार वाजता गोपिकाबाई बूट घालून निघाल्या. कोपऱ्यावर ई-रिक्षात बसल्या. मनोहररावांनी स्कूटर काढली आणि दोनशे फुटांचं अंतर राखून मागं लागले. पार्वतीबाईंची गल्ली आली, रिक्षा वळली नाही. बेस्याचा चौक आला, धम्मदीपचं गॅरेज बंद दिसलं. दिवसाढवळ्या, गुरुवारी, गॅरेज बंद! रिक्षा पुढं गेली, वस्ती विरळ झाली, आणि ती एका रिकाम्या लेआऊटच्या कमानीपाशी थांबली. गोपिकाबाई उतरून आत गेल्या.

हा लेआऊट मनोहररावांचाच. म्हणजे त्यांनीच मोजलेला. सिमेंटचे सरळ रस्ते, काटकोनात वळणारे, दोन्हीकडं गवत आणि प्लॉटचे नंबर. घर एकही नाही. त्यांनी स्कूटर बाहेर लावली आणि एका अर्धवट बांधलेल्या कंपाउंडच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. भिंत पुरुषभर उंच. पलीकडचं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

आधी धम्मदीपचा आवाज आला. मग गाडी सुरू झाली. एका सिलिंडरची, दोनशेची. तीच. म्हणजे आपल्याला द्यायच्या आधी ही दोघं ती चालवून दुरुस्त करून पाहत आहेत? मनोहररावांनी डोळे मिटले आणि कान लावले. मृदंग वाजवणाऱ्याचा कान. त्याला हात ओळखता येतो. हा हात धम्मदीपचा नव्हता. धम्मदीप गिअर टाकतो तेव्हा पाण्यात खडा पडावा तसा आवाजसुद्धा होत नाही. हा गिअर खटकन पडत होता आणि फार लवकर पडत होता. इंजिननं मागण्याच्या आधीच. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी अर्धी मात्रा आधी.

अर्धी मात्रा आधी! या जगात समेवर अर्धी मात्रा आधी येणारी एकच बाई होती. तीस वर्षं देवळात शेजारी बसून टाळ वाजवते, आणि तीस वर्षं "गोपिके, थांब वं, घाई कायची" असं त्यांच्याकडून ऐकते.

मनोहरराव भिंतीच्या कडेनं सरकत टोकाला आले आणि डोकं काढून पाहिलं.

रोहितची, त्यांच्या लेकाची, जुनी ट्रॅक पँट, वर कुडता, डोक्यावर हेल्मेट, आणि दोनशेच्या गाडीवर ताठ बसलेल्या गोपिकाबाई. गाडी थांबलेली, कापलेल्या सीटवरून त्यांचे दोन्ही पाय जमिनीला बेताचे टेकत होते, आणि उजव्या पोटरीला लागूनच तापलेला सायलेन्सर होता. धम्मदीप दूर एका मोरीच्या कठड्यावर बसला होता.

गाडी पुन्हा निघाली आणि काटकोनात वळली. वळणावर वाळू होती. पुढचं चाक घसरलं, आणि गाडी बाईसकट आडवी झाली.

मनोहरराव हाक मारणार, तोच त्यांनी धम्मदीपकडं पाहिलं. तो उठला नाही! बाई पडली आहे आणि हा माणूस कठड्यावर बसून पाहतो आहे. गोपिकाबाई हळूच उठल्या. कुडता झटकला. चावी बंद केली. गाडीभोवती एक चक्कर मारली, जशी एखादी बाई जड पाटा कुठून धरावा हे आधी बघते. मग गाडीकडं पाठ करून खाली बसल्या, कंबर सीटला टेकवली, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागची दांडी धरली, आणि पायांच्या जोरावर उलट्या चालत गेल्या. एक पाऊल. दुसरं. गाडी उठली. तिसऱ्या पावलाला उभी राहिली.

तोवर मनोहरराव भिंतीमागून बाहेर आले होते.

"बसून काय राहिला बे!" ते धम्मदीपवर धावून गेले. "लाज नाही वाटत? माझी बायको पडली अन् तू तमाशा पाहून राहिला?"

"उचलली नं त्याहीनं," धम्मदीप शांतपणे म्हणाला. "मी उठलो असतो तं उचलली नसती. तुम्ही किती घंट्यांपासून भिंतीमागं आहा?"

"ते सोड!"

"कसं सोडू? स्कूटरचा आवाज आला होता मले. तुमचा सायलेन्सर मीच बसवला आहे."

गोपिकाबाईंनी हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. मनोहररावांना तेच जास्त खटकलं.

"सराव आहे म्हणे भजनाचा!"

"सरावच तं करून राहिली."

"खोटं बोलली तू माझ्याशी."

"बोलली," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही? तुमचा डावा हात कधीपासून असा आहे?"

मनोहररावांनी हात खिशात घालायला नेला आणि अर्ध्यावर थांबले. "कोणं सांगतलं? यानं?"

"मले कोणी कायले सांगन? देवळात तुमच्या बाजूले कोण बसते? दिवाळीपासून पाहून राहिली. पहिला अभंग चांगला जाते. दुसऱ्या अभंगाले डावीकडचा आवाज बसून जाते. नुसती उजवी बाजू टणटण करते. लोकायले वाटते, आता मनोहरराव हळू वाजवून राहिले, वय झालं. मले माहीत आहे तो हात कसा घुमते ते."

चौतीस वर्षं दुसऱ्यांनी सरकवलेले दगड ते शोधत होते, आणि इथं त्यांचा स्वतःचा दगड शेजारी बसलेल्या बाईनं दिवाळीपासून ओळखून ठेवला होता.

"मंग सरळ म्हणाची होती, बसनं जाऊ."

"बसचं नाव मी एकदा तरी काढलं का?" गोपिकाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "काढलं का? तुम्हाले मुक्तिनाथ गाडीवर कराचा आहे. तुमचा हात अर्धा रस्ता चालते. मंग उरलेला अर्धा कोण चालवन? म्हून मीच गेली धम्मदीपभाऊकडं. म्हटलं, भाऊ, मले शिकवा. मले झेपन अशी गाडी सांगा. त्याहीनं ही काढली."

मनोहरराव हळूच धम्मदीपकडं वळले. गॅरेजमध्ये जे बोलले होते ते आता त्यांच्या कानात परत वाजायला लागलं.

"ही गाडी कोणाची आहे गा?"

धम्मदीपनं बोटानं सीटवरची वाळू झाडली. मग बोलू लागला, तुटक, थांबत थांबत. करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात तो आणि माया नेपाळात गेले होते. तेव्हा त्याच्याकडं पाचशेची गाडी होती.

"मलेही शौक होता मोठ्या इंजिनचा. लुंबिनी झाली. म्हटलं, पोखरा पाहून येऊ. घाटात मले असा ताप चढला का डोळ्यापुढं अंधारी. गाडी कडेले घेतली अन् ती कलंडली. मी तिथंच लवंडलो. मायानं उचलाले पाहिली, हलली नाही. एका जीपवाल्यानं मले दवाखान्यात नेलं. ती नाही आली. गाडी सोडून येता येत नाही नं, गाडीच्या परवान्याचा कागद असते. नेलेली गाडी परत नाही आणली तं सीमेवर अडवतात. सहा घंटे बसली ती. परक्या देशात, पडलेल्या गाडीपाशी, एकटी. भाषा येत नाही, फोन लागत नाही, मी जिवंत आहो का नाही हेही माहीत नाही."

"तू कधी सांगतलं नाही बे."

"सांगाचं काय त्यात? माझीच चूक. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. एवढंच म्हणे, पुढच्या वेळी गाडी मी पाहीन. शोरूममंधी गेली अन् त्या पोऱ्याले म्हणे, ही आडवी कर. तो हसला. तिनं खरंच करवली आडवी. चार गाड्या पाडल्या, चार उचलून पाहिल्या. तीन नाही उठल्या. ही उठली, म्हून ही घेतली. पाय टेकत नव्हते, म्हून सीट मी कापली. याच रस्त्यावर शिकली." तो थांबला. "मंग ते करोनाचं साल आलं."

गवतात एक टिटवी ओरडत होती.

कीर्तन संपलं की आपण शेजारच्याच्या पाया पडतो. तो कोण, कुठला, विचारत नाही. मनोहरराव पुढं झाले आणि वाकले. धम्मदीपनं त्यांना खांद्याला धरून अर्ध्यातच उभं केलं.

"हे आमच्यात नाही, भाऊ. तुम्ही गाडीवर बसा. अन् क्लच दाबून धरा. मी शंभर मोजतो."

मनोहरराव बसले. डाव्या हातानं क्लच दाबला. धम्मदीप मोजायला लागला, दुकानात नट मोजावे तसा, एका लयीत. वीसपर्यंत काही नाही. तीसला मुंग्या आल्या. मनोहररावांनी दात आवळले. समोर गोपिकाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हाताकडं नाही, चेहऱ्याकडं पाहत होत्या. छत्तीस. सदतीस. खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. चार आकडे आणखी रेटता आले असते.

"बस," ते म्हणाले आणि हात सोडला. "नाही होत गा. सहा महिन्यांपासून नाही होत."

"या गाडीचा क्लच सगळ्यांत हलका आहे," धम्मदीप म्हणाला. "त्या साडेसहाशेचा तुम्ही वीसपर्यंतही नसता धरला. जबलपूरच्या भीडमंधीच कळलं असतं. ट्रकच्या मागं."

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी गोपिकाबाईंनी त्यांना डॉक्टरकडं नेलं. मनगटात नस दबली होती. पट्टा आला, गोळ्या आल्या, व्यायाम आला; तीन महिन्यांत फरक पडेल, पण एका दमात अर्ध्या तासाच्या वर हँडल धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शनिवारी मनोहररावांनी विक्रमला फोन करून नाही सांगितलं. "काकाजी, दोनशेवर फॉरेन?" तो हसला. "तुझी साडेसहाशे आडवी करून उचलून दाखवतो का गा?" मनोहररावांनी विचारलं. विक्रमनं फोन ठेवला.

मग ते गॅरेजात गेले. या खेपेला चहा त्यांनी स्वतः नेला होता, थर्मासमधून.

"धम्मा, ती दोनशे मले विकतो का?"

"नाही."

"मी वाईट बोललो म्हून?"

"विकाचीच नाही ती. न्या, अन् आणून द्या." त्यानं चहाचा घोट घेतला. "लुंबिनीले दाखवाची आहे तिले. मले एकट्याले दोन गाड्या कशा नेता येतीन? तुम्ही दोघं नेसान म्हून तं वहिनीले शिकवून राहिलो."

चैत्रात निघायचं ठरलं. अर्धा तास ते, अर्धा तास त्या. मनोहरराव आता रोज चार वाजता लेआऊटमध्ये जातात, पण पहिल्या दिवशी त्यांची खरी फजिती झाली ती मागच्या सीटवर. आयुष्यात कधी बायकोच्या मागं बसले नव्हते. हात कुठं ठेवावे कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग मागची दांडी धरली.

"घट्ट धरा," गोपिकाबाई पुढूनच म्हणाल्या, "नाही तं उतरा."

त्यांनी धरलं. गाडी निघाली. दुसरा गिअर अर्धी मात्रा आधी पडला, आणि थांब वं, घाई कायची, हे जिभेवर आलेलं वाक्य मनोहररावांनी गिळून टाकलं. वळणावर त्यांनी डोळे मिटले आणि पांडुरंगाचं नाव घेतलं. संशय पूर्ण गेला म्हणता येणार नाही. मिटल्या डोळ्यांनीही ते वाळू कुठं आहे हे मनात मोजत होते. पण गाडी वळली, सरळ झाली, आणि सिमेंटचा रस्ता पुढं मोकळा दिसला.

आता उठण्याआधी एक मागणं आहे, मंडळी. तुमच्यापैकी कुणी गाडी घ्यायला जाल, लेकीला घेऊन द्याल, लांबच्या रस्त्याला लागाल. तेव्हा एका बाईची आठवण काढा. परक्या घाटात, आडव्या पडलेल्या गाडीपाशी सहा तास एकटी बसली होती, आणि घरी आल्यावर रडगाणं न गाता दुसऱ्या कुणावर ती पाळी येऊ नये म्हणून एकटीला उचलता येईल अशी गाडी शोधून ठेवून गेली. तिचं नाव माया. बेस्याच्या धम्मदीपची माया. तिला विसरू नका.